गयाबाईची तीन बोटं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की सातपुड्याकडून गार वारा सुटतो आणि माझा हंगाम सुरू होतो. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात, एस.टी. थांब्यासमोर माझं औषधांचं दुकान आहे. कापूसवाल्याची नजर बोंडावर असते, तशी माझी लोकांच्या नाकावर. चार माणसं शिंकली की मला बरं वाटतं. हे सांगताना लाज वाटायला हवी, पण पंचवीस वर्षं खोकल्याच्या बाटल्यांत बसून माणूस निर्ढावतो. माझ्या या हंगामाचं जिने दरवर्षी मातेरं केलं, त्या गयाबाई तायडेबद्दल मला लिहायचं आहे.

माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून डॉक्टर ढोले यांचा दवाखाना. दवाखान्याला पुढे ओटा, ओट्यावर दोन लांब बाकं, आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दारात एक लोखंडी स्टूल. त्या स्टुलावर गयाबाई. ती नर्स नव्हती. झाडलोट करायला, सुया उकळायला आणि नंबर लावायला म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. सुया उकळायचा काळ संपला, पण गयाबाई राहिली. ठेंगणी, काटक, नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा शिकून नाशिकला नोकरीला लागलेला. सकाळी विहारातली वंदना आटोपून बरोबर आठला ती ओट्यावर हजर असे. अंगावर पांढरं पातळ आणि त्यावर निळा कोट. त्या कोटाला ती घरी स्वतः इस्त्री करायची, आणि डॉक्टरांच्या शर्टाला इस्त्री नसली तर त्यांना परत घरात पाठवायची.

तिची खासियत म्हणजे तिचे कान. खोकल्याचा आवाज ऐकून ती माणूस ओळखायची आणि माणसाच्या आत काय चाललंय तेही. तिच्याकडे खोकल्यांची नावं होती. कोरडा, ओला, विडीचा हे तर सगळ्यांनाच कळतात. पण तिच्याकडे शाळेचा खोकला होता, जो सकाळी दहाला सुरू होतो आणि पाचला थांबतो. सासूचा खोकला होता, जो सून खोलीत आली की वाढतो. आणि एक होता रांजणातला खोकला, म्हणजे रिकाम्या रांजणात तोंड घालून खोकल्यासारखा, खोल. तो ऐकला की ती स्टुलावरून उठून उभी राहायची. लोकांनाही इतकी सवय झाली होती की ओट्याची पायरी चढतानाच ते खोकून दाखवत, जसं दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवतात.

खोकला साधा निघाला की ती माणसाला डॉक्टरांपर्यंत पोचूच द्यायची नाही. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कर, दोन वेळा वाफ घे, रात्रीचं जागरण बंद, तीन दिवसांत उतरलं नाही तर ये, असं सांगून बाकावरूनच घरी. तीन दिवसांनी तो माणूस माझ्या दुकानासमोरून ठणठणीत होऊन जायचा आणि वर मला रामराम करायचा. कोणी अडून बसलं, की इतक्या लांबून आलो, निदान एक सुई तरी लावा, तर ती शांतपणे म्हणायची, "घरी गोधडी फाटली असंल, तिले लाव सुई."

एकदा मी वैतागून डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, ही बाई तुमचे पेशंट दारातून परत पाठवते, अशाने तुमचंही नुकसान आणि माझंही. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि प्रसन्न हसले. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. त्यांना माझा एक शब्दही ऐकू आला नव्हता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

शुक्रवारच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं यायची तेव्हा गयाबाई ओट्याच्या कडेला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नावानिशी धरायची. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे घाला. तहान नसली तरी कोमट पाणी प्या. म्हाताऱ्यांनी अंथरुणातून उठल्याबरोबर चालू लागू नये, आधी काठावर बसावं. बी.पी.ची गोळी थंडीत सोडू नये. घमेल्यात विस्तव घेऊन दारं-खिडक्या बंद करून झोपू नये. लेकराच्या नाकात आणि कानात तेल टाकू नये. या शेवटच्या कलमावरून गावातल्या तमाम आज्यांशी तिचं वैर होतं. त्यांच्या मते त्यांनी तेल टाकून टाकूनच ही सगळी पिढी वाढवली होती, आणि गयाबाईच्या मते ती पिढी तेल टाकूनसुद्धा वाचली होती.

सकाळी पारावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटायची, तिथेही ती दवाखान्यात येता येता थांबायची. दम्याचा माणूस नेमका धुराच्या बाजूला बसलेला असे. त्याला दंडाला धरून उठवून ती वाऱ्याच्या बाजूला बसवायची आणि त्या जागेवर एखादा धडधाकट पोरगा आणून ठेवायची.

पण तिचा खरा जप एकच होता: कान बांध. शाळेतल्या पोरापासून पोलीस पाटलापर्यंत कोणीही उघड्या कानांनी दिसला की त्याची सुटका नव्हती. नवरदेवाला घोड्यावरून उतरवून तिने त्याच्या फेट्याखाली मफलर कोंबलेला मी पाहिला आहे. गावात जानेवारीत कोणाचा कान दिसत नसे. फक्त एका माणसाचे दिसायचे, तिचे स्वतःचे. दात वाजवणाऱ्या थंडीतसुद्धा पदर मानेवर, केस मागे घट्ट, आणि दोन्ही कान लालबुंद, मोकळे. मी एकदा टोमणा मारला की मावशी, दुनियेला शहाणपण आणि आपण स्वतः? तर म्हणाली, "मी बांधले तर ऐकनार कोन?" मला ते तिचं नेहमीचं फटकळ उत्तर वाटलं. त्यात किती काय होतं, ते मला त्या हिवाळ्याच्या शेवटी कळलं.

झालं असं की मलाच कफ झाला. स्वतःच्या दुकानातली तीन औषधं पिऊनही हटेना, तेव्हा मी चोरासारखा डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर ढोले तेव्हा सत्तरीच्या आसपास. त्यांनी माझ्या पाठीला नळी लावली, दीर्घ श्वास घ्या म्हणाले, खोका म्हणाले. माझ्यासमोर औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत मला दिसलं की डॉक्टरांचं लक्ष माझ्या पाठीकडे नाहीच, ते दाराकडे बघताहेत. आणि दारात स्टुलावर गयाबाई, हनुवटीवर एक बोट टेकवून, आढ्याकडे बघत बसलेली. डॉक्टरांनी नळी काढली आणि म्हणाले, साधंच आहे, गुळण्या करा.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. तिने मला माझ्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचे कान वर्षभरापासून गेले होते. मुलीने कानाला लावायचं मशीन आणून दिलं होतं, पण नळी लावली की ते शिट्टी मारायचं, म्हणून ते खणात पडून होतं. नाडी, ताप, बी.पी., बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र, हे सगळं डॉक्टर नीट बघत. छातीतला आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. तो गयाबाई पोचवत होती. एक बोट म्हणजे साधं, घरी पाठवा. दोन बोटं म्हणजे छातीत उतरलंय, औषध द्या आणि परवा परत बोलवा. तीन बोटं म्हणजे वेळ घालवू नका, खामगावला धाडा, छातीचा फोटो काढा.

मी म्हटलं, मावशी, हे काही बरोबर नाही. तिने ते कबूल केलं. ती म्हणाली की जरा शंका आली तरी ती सरळ तीन बोटं दाखवते, फोटोत काही निघालं नाही तर लोक शिव्या देतात, देऊ देत. मग तिने खरी गोष्ट सांगितली. डॉक्टरांची मुलगी मृणाल नागपूरला पुढचं शिकत होती आणि शिकून इथेच येणार म्हणत होती. पण बापाने आज दवाखाना बंद केला तर ती कशाला या गावात परतेल? बंद दाराचं कुलूप उघडायला कोणी डॉक्टर येत नाही. मग गावाला साध्या तापासाठीही एस.टी.ची वाट बघत बसावं लागेल.

"पोरीचे तीन वर्षं राह्यले," ती म्हणाली. "तीन हिवाळे काढाचे हायेत आपल्याले, गजा. कोनाले बोलू नोको."

आपल्याला, असं म्हणाली ती. त्या एका शब्दाने मी अडकलो. आजवर माझं नुकसान करणारी बाई आता मला भागीदार करून घेत होती, आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

पहिला हिवाळा बरा गेला. एकच घोटाळा झाला, पण तो असा की त्या दिवसाची आठवण झाली तरी मी दुकानात एकटाच हसत बसतो. पांडुरंगभाऊ म्हणून आमच्याकडे एक संत्र्याचे बागायतदार आहेत. आडवा देह, आवाज मोठा, आणि दुखणं म्हटलं की काळीज चिमणीएवढं. त्यांना दोन शिंका आल्या म्हणून ते बायको आणि मेहुण्याला घेऊन दवाखान्यात आले. डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि दाराकडे पाहिलं. नेमक्या त्याच क्षणी गयाबाईने रस्त्यापलीकडच्या रहीमचाचांच्या टपरीकडे हात उंच करून तीन चहा सांगितले.

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी पांडुरंगभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि घाबरू नका म्हणाले, त्यामुळे पांडुरंगभाऊ घाबरले. आत्ताच्या आत्ता खामगावला न्या, असं ऐकल्यावर त्यांच्या बायकोने जो सूर लावला तो थांब्यापर्यंत गेला. स्वतःच्या पायाने चालत आलेल्या माणसाला चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं. पांडुरंगभाऊंनी मेहुण्याचा हात धरला आणि पूर्वेकडच्या ओळीला पाणी कमी पडतंय, लक्ष ठेव, असं निर्वाणीचं सांगितलं. पुण्याच्या मुलीला फोन गेला. तीही तिकडे रडायला लागली.

इतक्यात गयाबाई रस्ता ओलांडून तीन चहाचे ग्लास घेऊन आली. हे काय, म्हणून तिने मला विचारलं. मी नुसती तीन बोटं दाखवली. तिने ग्लास माझ्या हातात कोंबले आणि चपला हातात घेऊन ती जीपमागे पळाली. आयुष्यात तिला पळताना मी तेवढं एकदाच पाहिलं. नाक्यावर म्हशी आडव्या आल्या म्हणून जीप सापडली. आता खरं कारण तर सांगता येत नाही. तिने जीपच्या खिडकीतून कान आत घातला, पांडुरंगभाऊंना खोकायला लावलं, पुन्हा खोकायला लावलं, आणि जाहीर केलं की मोकळ्या हवेनं छाती साफ झाली, उतरा आता. पांडुरंगभाऊ उतरले आणि चालत घरी गेले. पुढे कितीतरी दिवस ते लोकांना सांगत की गयाबाईने नुसता कान लावून आपल्याला परत आणलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात संत्र्यांचं टोपलं आलं, आणि त्या दिवसापासून चहा सांगायचा असला की हात वर करण्याऐवजी ती स्टुलाखालचा ग्लास पालथा घालून ठेवू लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात तिची गाठ देवराव गुरुजींशी पडली. हे आमचे निवृत्त हेडमास्तर. पौषात पहाटे विहिरीवर थंड पाण्याने आंघोळ करायची आणि दिवसभर ते लोकांना सांगायचं, असा त्यांचा नेम. गयाबाई म्हणे, गुरुजी, ऊन निघाल्यावर करा, देव काही घड्याळ लावून बसलेला नाही. गुरुजी म्हणत, मनोनिग्रह ही तुझ्या कक्षेबाहेरची बाब आहे. प्रजासत्ताक दिनाला शाळेत गुरुजींचं भाषण होतं. शाळा दवाखान्यापासून चांगली लांब, पण भोंगा लावलेला होता. मी आणि गयाबाई ओट्यावर ऐकत बसलो होतो. गुरुजी मध्येच खोकले. थोड्या वेळाने पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकले तशी गयाबाई उठून उभी राहिली.

ती सरळ शाळेत गेली. मीही मागे गेलो, दुकान उघडं टाकून. सगळं गाव बसलेलं, पाहुणे बसलेले, आणि ही बाई मांडवातून चालत जाऊन मंचावर चढली आणि गुरुजींच्या हातातून माईक काढून घेतला. गुरुजी म्हणाले, बाई, माझं भाषण व्हायचं आहे. ती म्हणाली, पुढच्या वर्षी करा. हे दोन्ही भोंग्यावरून गावभर ऐकू गेलं. गुरुजी रागाने लाल झाले, पण रागवायलाही त्यांना श्वास पुरेना. खामगावच्या फोटोत एका बाजूला निमोनिया निघाला. बरे होऊन आल्यावर महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी चांगलं ऊन आल्यावर, आंघोळ करून, कान बांधून ते ओट्यावर आले आणि पेपर वाचत बसले. तेव्हापासून रोज येऊ लागले.

तिसरा हिवाळा आला. मृणाल संक्रांतीला येणार हे ठरलं होतं. गयाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत दिवस काढत होती, आणि मीही. आणि संक्रांत पंधरा दिवसांवर असताना एका सकाळी ती माझ्या दुकानात आली. मी काहीतरी बोललो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"जरा मोठ्यानं बोल, गजा," ती म्हणाली. "मले ऐकू नाही येऊन राह्यलं."

तीन हिवाळे त्या दारातला वारा खाऊन तिचे दोन्ही कान धरले होते. एकातून तर पाणी येत होतं. मी म्हटलं, आजच्या आज खामगावला कानाच्या डॉक्टरकडे जा. नाही म्हणाली. एक दिवस स्टूल रिकामं राहिलं तर काय होईल हे तिला माहीत होतं. मी चिडलो, ओरडलो, पण ऐकू न येणाऱ्या माणसावर ओरडण्यात काही समाधान नसतं. शेवटी मी तिला माझा नवा लाल मफलर दिला, निदान आता तरी कान बांध म्हणून. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला. कान बांधलेली गयाबाई दिसली तर लोकांना शंका येईल, असं तिचं म्हणणं.

मग सुरू झाला तो सगळा गोंधळ. ऐकू येत नाही म्हणून ती भीतीने सगळ्यांनाच तीन बोटं दाखवू लागली. शिंकणाऱ्याला तीन, घसा बसलेल्याला तीन, शाळेच्या खोकल्याला तीन. दोन दिवसांत अर्ध्या गावाचे छातीचे फोटो निघाले आणि एकातही काही नव्हतं. जीपवाले खूश होते. डॉक्टर मात्र हुशार माणूस. त्यांच्या लक्षात आलं की बाई घाबरट झाली आहे, आणि त्यांनी मनातल्या मनात तिची तीन बोटं म्हणजे एक धरायला सुरुवात केली. हे त्यांनी मला आपणहून सांगितलं, तेही सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा कुजबुजीत. मी ते गयाबाईला समजावलं. तेव्हापासून ती पेशंटच्या पाठीला तळहात लावून बघू लागली, भिंतीवरच्या घड्याळावर श्वास मोजू लागली.

तिसऱ्या दिवशी ओटा भरलेला होता. शेवंताबाई म्हणून एक आजी आपल्या सुनेला आणि सात महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. बाळाला दोन स्वेटर, कानटोपी, वर शाल. गयाबाईच्या शिकवणीबाहेर काही नव्हतं, फक्त नाकाला तेलाचा वास येत होता. बाळ रडत नव्हतं, शांत होतं. डॉक्टरांनी गळ्याशी स्वेटर सैल करून नळी आत सरकवली आणि दाराकडे पाहिलं. गयाबाईने तीन बोटं दाखवली. डॉक्टर हसले आणि म्हणाले, साधं आहे, औषध देतो, उद्या दाखवा.

गयाबाईने हात आणखी वर केला. डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. तेव्हा ती आत गेली, सुनेच्या मांडीवरून तिने बाळ घेतलं, शाल सोडली, स्वेटर वर केले. मी दारातून बघत होतो. प्रत्येक श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. गयाबाई सुनेला म्हणाली, खामगावला चल. पण शेवंताबाईने बाळ ओढून घेतलं. डॉक्टर काही नाही म्हणतात, तू कोण सांगणारी? तू तर तीन दिवसांपासून सगळ्यांनाच पाठवून राहिली आहेस. शेवंताबाईचंही काही चुकत नव्हतं.

गयाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला कळलं ती काय करणार आहे. मी मान हलवली, नको म्हणून. संक्रांतीला बाराच दिवस उरले होते.

"साहेबाले ऐकू येत नाही," ती सगळ्या ओट्यासमोर म्हणाली. ऐकू येत नसल्यामुळे ती खूप मोठ्याने बोलली. "चार वर्षं होत आले. मलेही चार दिवसांपासून येत नाही. आमच्या दोघाच्या भरवशावर राहू नोको, माय. तुह्या डोळ्यानं पाहा."

शेवंताबाईने बाळाच्या छातीकडे पाहिलं. मग तिने बाळ सुनेकडे दिलं आणि स्वतःची चप्पल शोधू लागली.

डॉक्टर आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. काय म्हणाली, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते सांगताना मला रडू आलं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. त्यांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग वाकून, चष्मा कपाळावर घेऊन, बाळाची छाती नुसत्या डोळ्यांनी बघितली. बोटाचं यंत्र लावलं. आणि ताठ होऊन त्यांनी गयाबाईला तीन बोटं दाखवली. स्वतःची गाडी काढून ते स्वतःच त्या तिघांना खामगावला घेऊन गेले.

गाडी गेली. गयाबाई स्टुलावर बसली, हात मांडीत. मी मनात म्हणालो, संपलं सगळं. उद्यापासून या ओट्यावर कोण येणार? तेवढ्यात देवराव गुरुजींनी हातातला पेपर घडी केला आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिला ऐकू जावं म्हणून तेही भाषणाच्या आवाजात बोलले.

"गयाबाई, हे आम्हां सर्वांना दोन वर्षांपासून ठाऊक आहे."

आणि बाकावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली की ती तर डॉक्टरांकडे बघतच नाही, आत बसल्या बसल्या काचेतून मावशीची बोटंच बघते. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत हाच खेळ खेळत होती, एक बोट घर, तीन बोटं खामगाव. रहीमचाचांनी रस्त्यापलीकडून सांगितलं की पालथ्या ग्लासाचं कारणही त्यांना माहीत आहे. फक्त डॉक्टरांना आणि मावशीला वाईट वाटेल म्हणून कोणी तोंड उघडलं नव्हतं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी शपथेवर सांगतो, मी कोणालाही बोललो नव्हतो. फक्त बायकोला सांगितलं होतं, आणि तेही तिला बजावून.

बाळ आठ दिवसांनी घरी आलं. मृणाल संक्रांतीला आली, आणि कुलूप नसलेल्या दारातून आत गेली. पहिलं काम तिने केलं ते गयाबाईला खामगावला नेण्याचं. एक कान अर्धा वाचला, दुसरा नाही. डॉक्टर आता शिट्टी मारणारं मशीन लावून घरात पेपर वाचतात. मृणालने स्टूल हलवलं नाही, मावशी, तू बस नुसती, म्हणाली. पण गयाबाई नुसती बसणाऱ्यातली नव्हती. ज्या कामासाठी बसले होते ते झालं, असं तिने मला सांगितलं. होळीच्या आधी मुलगा नाशिकहून न्यायला आला.

नांदुऱ्याची एस.टी. सकाळी नऊला सुटते, तिथून पुढे रेल्वे. सगळं गाव थांब्यावर आलं होतं. मी दुकानातून उतरलो नाही. गिऱ्हाईक आहे असं सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं. गाडी सुरू झाली तसा मी धावत रस्त्यावर आलो. खिडकीत गयाबाई होती, आणि तिने कान बांधले होते. माझा लाल मफलर, हनुवटीखाली गाठ मारून, दोन्ही कानांवरून घट्ट. तिचे झाकलेले कान मी पहिल्यांदा पाहिले. आता तिला कोणाचा खोकला ऐकायचा नव्हता.

मी मावशी म्हणून हाक मारली. तिला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. गाडीने उडवलेली धूळ घशात गेली, आणि मला जोराचा खोकला आला, की दुसरं काही आलं, ते मी सांगत नाही. मी कंबरेत वाकून खोकत राहिलो. मान वर केली तेव्हा ती खिडकीतून मागे वळून माझ्याकडेच बघत होती, कपाळाला आठी घालून, नेहमीसारखी. मग तिने हात बाहेर काढला आणि एक बोट दाखवलं.

साधं आहे. घरी जा.